पारा सांडला तर

टॉडमॉर्डनमध्ये, कालव्याला लागून असलेल्या गल्लीत,
रात्री साडेअकराला मी कमाई बघते.
आजची अकरा पेन्स.
काल चौदा होती. परवा भोपळा.

वेबसाइट माझी, मजकूर अक्रॉइडांचा.
शेजारचे हॅरल्ड अक्रॉइड, जुन्या वायुभारमापकांचे डॉक्टर.
हा शब्द मी शाळेत घोकला होता
आणि नंतर चाळीस वर्षं कुठे वापरला नव्हता.
त्यांच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा हातात धरला:
तंबोऱ्यासारखा लांब मानेचा,
पोटात पारा घेऊन उभा.

ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने, ग्लेनिसने,
चार वह्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाली, तुलाच कळतं यातलं.
कळत काय होतं, मला फक्त ऐकायची सवय होती.
एक अख्खा हिवाळा मी त्या टाइप केल्या.
रेशमी दोरा कसा बदलावा.
काटा अडखळत असल्यास.
काच बसवताना श्वास रोखा.

साइट चालवायचा खर्च वर्षाला बहात्तर पौंड,
म्हणून जाहिराती.
जिथे ते एक ओळ कोरी सोडत,
बहुधा चहाला उठत असावेत,
तिथे आता जिना चढवणारी खुर्ची विकायला आहे.
तिच्याखाली कानातलं यंत्र. त्याखाली
अंत्यविधीचे सुलभ हप्ते.
माझे वाचक कोण, हे मला जाहिरातींनीच सांगितलं.

दिवसाला चाळीसेक माणसं.
ऑर्कनी बेटांवरचं कुणीतरी दोऱ्याचं पान
पहाटे तीन-तीन तास उघडं ठेवतं.
हात तेलाचे असणार, मिटवायला बोट मोकळं नसणार.
त्या तीन तासांचा मोबदला एक पेनीचा पाचवा हिस्सा.
कंपनीला वेळ कळत नाही, टिचकी कळते.

आणि मग मार्चमध्ये एके दिवशी चार पौंड साठ.
मला वाटलं, आकडा चुकला.
चुकला नव्हता. चौथ्या वहीचं शेवटचं पान,
सगळ्यांत छोटं:
पारा सांडला तर खिडक्या उघडा. मुलांना बाहेर काढा.
झाडू लावू नका. धावपळ नको.
त्या चार वाक्यांभोवती वकील उभे होते,
नुकसानभरपाईचे,
एका टिचकीला दोन पौंड तीस मोजणारे.

दोरा बदलणाऱ्याला कुणी विचारत नाही,
घाबरलेल्याला रांग लावून विचारतात.

त्या रात्री मी लिहायला बसले,
"पाऱ्याच्या विषबाधेची बारा लक्षणं".
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात बत्तीस वर्षं रक्त तपासलंय,
बारा काय, वीस लिहिली असती.
बोटांची थरथर, हिरड्या, झोप उडणं...
सहाव्या लक्षणापाशी माझीच हिरडी ठणकू लागली.
आणि तो ऑर्कनीवाला दिसला, हे वाचताना,
तेलकट हात तोंडाशी नेता नेता थबकलेला.
पुसलं नाही. टाकलंही नाही.
मसुद्यांत पडून आहे ते,
अजून गहाण न ठेवलेल्या दागिन्यासारखं.

साठ पौंड साचल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही.
थेंबे थेंबे तळे, खरंच;
पण बांध त्यांचा, दरवाजाही त्यांचा.
नोव्हेंबरात साचले एकदाचे.
अर्धे ग्लेनिसला पाठवले. तिने विचारलं, कशाचे गं?
म्हटलं, तुझ्या बाबांच्या कोऱ्या ओळींचं भाडं.
ती हसली. मग बराच वेळ फोनवर
नुसता तिच्या केटलीचा आवाज.

उरलेल्या तिसात रेशमाची दोन रिळं आणली.
आत्ता काचेवर टिचकी मारून पाहिली,
त्यांनी शिकवली तशी, नखाने नाही, बोटाच्या पेराने.
काटा डावीकडे सरकला, पावसाकडे.
या टिचकीचं कुणी काही देत नाही.
कालव्याचं पाणी पायरीला लागलंय.
चला, कुंड्या आत घ्यायला हव्यात.